दोन गाठींची सुतळी

ते काका कुठल्याच दारातनं सरळ आत आल्यालं मी कवा बघितलं न्हाई. आदी रस्त्यापलीकडं हुबं राहायचं. मंग जवळ यायचं, वर बघायचं, खाली बघायचं, चपलीच्या टाचंनं फरशी ठोकायचं, दार दोनदा वढायचं, आन् एवढं सगळं करून आत आलं की परत भाईर जायाचं आन् परत आत यायचं. आता तुमीच सांगा, असं कोण करतंय? चोर करतोय. मी पैल्या दिवशीच आमच्या ह्यांना म्हणलं, आवं, त्यो म्हातारा बिल्डिंगीचा अंदाज घ्यायलाय, तुमी त्याच्यावर ध्यान ठिवा. तर हे म्हणलं, "अगं त्येंनाच बिल्डरनं बलिवलंय. ह्या बिल्डिंगीचं म्होरलं दार, पायऱ्या, गेट, समदं तेच ठरिवणार. दारवालं काका म्हणत्यात त्येंना." मी म्हणलं, दार ठरवायला काय लागतंय? भोक पाडायचं, फळी बसवायची.

तवा आमी सांगलीत नवीनच हुतो. सात मजल्यांची बिल्डिंग, वरच्या मजल्यांवर चार-पाच घरं राहायला आल्याली, खाली अजून कामच चालल्यालं. गेटाला लागून एक खोली, तीच आमची. आमचं हे कोरेगावकडचं. मिल्ट्रीच्या भरतीला तीनदा गेलं आन् तिन्ही वक्ताला छाती एक बोट कमी पडली, म्हणून मंग ही रातपाळीच्या वाचमनची वर्दी. मी वडूजकडची, आठवीपतूर शिकल्याली. आमच्याकडं दाराला कडी असती न्हाईतर पोतं असतंय. काचंचं दार मी सांगलीतच बघितलं, आन् बघितलं तरी कुटं, आलो त्या आठवड्यात कडंवर पोरीला घिऊन सरळ काचंवर जाऊन आदळले. कपाळाला टेंगूळ आलं. पोरगी रडाय लागली. तर हे काका समोर पायरीवर बसल्यालं, उठलं न्हाईत, लागलं काय म्हणलं न्हाईत, खिशातनं वही काढली आन् लिवून घेतलं. मला एवढा राग आला म्हणताय! दुसऱ्या दिवशी त्या काचंवर डोळ्याच्या उंचीला पांढरी पट्टी चिकटीवल्याली. सुपरवायझर वरडत आला, "काका, शोभा घालवली की हो सगळी!" काका म्हणलं, "शोभा राहिली, कपाळ गेलं तर?" तवा मला काय बरं वाटलं न्हाई. मला आपलं हेच, की ह्या माणसानं वहीत माजं काय लिवलंय.

कारण ते माज्याकडं बघायचंच. माज्याकडं म्हंजे सगळ्यांच्याकडं, पर मी दिवसभर खाली, म्हणून मलाच जास्त. रस्त्यापलीकडं प्लास्टिकचं स्टूल टाकून बसायचं आन् येणारं जाणारं बघायचं. एकदा मला हाक मारली. मला "तंगी" म्हणायचं. कानडीत धाकट्या बहिणीला म्हणत्यात तसं, पर मला ते तवा ठावं न्हवतं, मला वाटलं हे मला काय बी नावं ठिवत्यात.

"तंगी, तू रोज कुठल्या पायानं आत जातीस?"

"मला काय म्हाईत?"

"उजव्या. आज डावा टाकलीस. का गं?"

आता परक्या बाईच्या पायाकडं बघत बसणारा माणूस. मी पदर वढला आन् खोलीत गेले, कडी घातली. संध्याकाळी ह्यांनी सांगितलं, काकांनी तिसरी पायरी फोडायला लावली, अर्धा इंच वर झाल्याली म्हणं, माणसाचा पाय बदलतोय त्यानं. हे हसत हुते. मी न्हाई हसले. माज्या पायावरनं त्यांनी पायरी फोडली, हेच मला कसंतरी वाटलं.

सवयी बी एकेक. जैन माणूस, त्यामुळं दिस बुडायच्या आत जेवायचं. साडेपाचला डबा सोडायचं, पर कुटं, तर बरोबर दारात. कुणी म्हणलं, काका, सावलीत बसा की, तर म्हणायचं, "जिथं बसून जेवता येत न्हाई ते दार कसलं." एकदा तांब्याभर पाणी घेतलं आन् त्या काळ्या ग्रॅनाइटच्या पायरीवर वतलं, आन् सुपरवायझरच्या देखत त्याच्यावरनं चालत गेलं, आन् पडलं! मुद्दाम न्हाई, पर ठावं असून पडलं. पडल्या जागंवरनंच म्हणलं, "बघ, मी पडलो. आता तू बिल्डरला फोन कर, आन् सांग म्हातारं पडलं." सुपरवायझरच्या तोंडाकडं बघवत न्हवतं. ती पायरी बदलून खरबरीत दगड आला. सुपरवायझरला काकांचं काय म्हंजे काय आवडायचं न्हाई, ते येक झालं की दुसरं फोडायला लावायचं, आन् त्याचं काम मागं पडायचं.

तासगावच्या एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याची गोष्ट ते सारकी सांगायचं. त्या व्यापाऱ्याला आपल्या पेढीचं दार राजवाड्यागत पायजे हुतं, खांब, संगमरवर, झुंबर. काकांनी त्याला म्होरं सगळा शहाबादी दगड घातला आन् बाजूला पाय धुवायला नळ. व्यापारी भडकला. काका म्हणलं, "शेतकरी चकचकीत फरशी बघून चप्पल भाईर काढतोय. अनवाणी माणूस भाव बोलताना दबतोय. तुझं दार तुझ्या बाजूनं बोलायला लागलं असतं." मी म्हणलं, मंग व्यापारी काय म्हणला? "काय म्हणतोय? हाकललं मला." आन् हसलं. हाकलल्यालं सांगताना हसणारा माणूस, ह्याचा भरवसा कसा धरायचा?

आन् येक त्येंचं ठरल्यालं बोलणं हुतं. "प्रत्येक दार कुणाला तरी भाईर ठेवायला असतंय. कुणाला, ते आदी सांगा म्हणतो मी."

मला वाटायचं, हे मलाच भाईर ठेवायला आल्यात.

आता गेटाचं सांगते, कारण खरं त्यातच हाय. गेट सरकणारं, लोखंडाचं, दोन पुरुष उंच, रुळावरनं मोटारीनं चालायचं. रिमोट दाबला की उघडतंय, दाबला की मिटतंय. मोटार बसवणारा आला त्या दिवशी काकांनी मला बलिवलं. मी नळावर धुणं धूत हुते. नळ गेटाच्या खांबाजवळच. म्हणलं, "तंगी, ह्या खांबावर काळं बटणागत दिसालंय, तो डोळा हाय, समद्या रुळावर सरळ रेघंत बघतोय. त्याच्यापुढं हात धर." मी भीत भीत हात धरला. तिकडनं येणारं ते एवढं मोटं गेट जाग्यावर थांबलं. हात काढला, तर परत चालाय लागलं. मला मज्जा वाटली, खोटं कशाला बोलू. पर काका त्या मोटारवाल्याला म्हणलं, "हा डोळा खाली घे."

"काका, गाडीच्या बंपरला धरून लावत्यात सगळीकडं."

"हितं काय बंपर राहत्यात?"

"मंग किती खाली घिऊ?"

"सांगतो उद्या," म्हणलं काका.

आन् दुसऱ्या दिवशीच ते झालं.

दुपारची वेळ. मी वाळत घातल्यालं कपडं काढत हुते. पोरगी खाली खेळत हुती, आमची चिमी, तवा दोन वरसाची बी न्हवती. वळून बघते तर काका गेटाच्या रुळापाशी खाली बसल्यालं, चिमीला उकिडवं बसीवल्यालं, आन् जमिनीपासनं तिच्या डोक्यापतूर सुतळी लावल्याली. तितं गाठ मारली. मंग तिला हुबं केलं, परत सुतळी, परत गाठ. आन् चिमी हसायलीया, तिच्या मुठीत बेदाणं. मी पळत गेले आन् पोरीला उचललं. काका वर बघून म्हणलं, "दोन गाठी झाल्या. तिसरी ही रांगत हुती तवा घ्यायला पायजे हुती. मी उशिरा आलो."

मी काय विचारलं न्हाई. विचारायचं हुतं, येक शब्द. न्हाई विचारलं.

त्यात सासूबाई कोरेगावसनं आल्याल्या. खोलीत बसून मी सांगितलं तर त्यांच्या हातातली वाटी खाली पडली. "पोरीचं माप घेतलं? सुतळीनं? गाठी मारून? अगं बया, ते करणीला घेत्यात गं! माप घेतल्यालं पोर वाढत न्हाई, आन् अमुशा चार दिसांवर हाय." आन् त्याच संध्याकाळी चिमीला ताप भरला. आमच्या मोबाइलवर त्या महिन्यात पोरं पळवणाऱ्या टोळीचं मेसेज फिरत हुतं, म्हातारं माणूस, खांद्याला पिशवी, पोरांना खाऊ देतंय. मला सगळं जुळल्यागत झालं. बेदाणं, पिशवी, वही, माज्या पायाकडं बघणं. पोरगी मांडीवर चटकं देत हुती.

सकाळी मी सुपरवायझरला सांगितलं. आता कळतंय, त्याला तेच पायजे हुतं. त्यानं लगेच मिस्त्री, मजूर, वरच्या दोन बाया, सगळ्यांना गोळा केलं, बिल्डरला फोन लावला आन् फोन माज्या तोंडापुढं धरला. काका नुकतंच आल्यालं, दारात ते वर बघणं, खाली बघणं चालल्यालं.

"बाई, सांगा सायबांना. पोरीला खायला देत हुता?"

"व्हय."

"दोरा लावत हुता?"

"व्हय."

"आन् काय म्हणला?"

सगळी माज्याकडं बघत हुती. सासूबाई मागनं कोपर मारत हुत्या. आन् मी म्हणलं, "म्हणला, पोरीला घिऊन जाऊ काय."

हे त्यांनी कवाच म्हणलं न्हवतं. माज्या तोंडात कुटनं आलं मला आजून कळत न्हाई. भ्या वाटलं की तोंड आपोआप चालतंय, तसं झालं. आमच्या ह्यांनी माज्याकडं बघितलं, त्यांना कळलं असणार, पर तेबी गप बसलं. नोकरीचा सवाल.

सुपरवायझरनं पिशवी हिसकून पायरीवर वतली. त्यात निसत्या सुतळ्या. पन्नासेक असतील. प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी. वरच्या बाईनं मोठ्यानं वाचल्या. "दुसरा मजला, आजी, काठीसकट." "सिलेंडरवाला, खांद्यावर टाकी." "कुबडीवालं पोरगं." आन् येक, "पोर, बसल्यावर. पोर, हुबं." वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला. पर एकदा गोळा झाल्याली माणसं काय माघारी जात न्हाईत. मिस्त्रीनं काकांचा खांदा धरला. काकांनी तो सोडवून घेतला, खाली वाकलं, चिमीची सुतळी तेवढी उचलली, खिशात घातली, आन् गेलं.

आन् जाताना सरळ गेलं. वर बघितलं न्हाई, खाली बघितलं न्हाई, टाच ठोकली न्हाई. पैल्यांदा त्या माणसाला मी दारातनं सरळ जाताना बघितलं.

सासूबाई वरडल्या, "सुतळी नेली की त्यानं!" तेच मग माज्या जीवाला लागलं. ताप दोन दिवसांत उतरला, अमुशा गेली, सासूबाई कोरेगावला गेल्या, पर चिमी शिंकली तरी मला ती सुतळी आठवायची. कुटं ठिवली असंल? कशात बांधली असंल? मी तिला रोज भिंतीला लावून बघायची, वाढतीया का न्हाई.

गेटाचं काम पुरं झालं. डोळा बंपरच्या उंचीलाच राहिला.

दोन-तीन महिनं गेलं. सकाळची साडेनऊची वेळ. आमचं हे वर गच्चीत टाकी बघायला गेल्यालं. मी नळावर चादर पिळत हुते. चौथ्या मजल्यावरची गाडी भाईर गेली, त्यांनी जाता जाता रिमोट दाबला, मागं कोण बघतंय. गेट धडधडत निघालं. मी मान वर केली तर चिमी रुळावर. उकिडवी बसल्याली, पार पलीकडं, रुळातलं खडं वेचत. गेटाचं तोंड तिच्याकडं चालल्यालं, आन् त्या डोळ्याला ती दिसतच न्हवती. त्याच्या खाली हुती की ती!

मला पळता आलं न्हाई. पळाले असते तरी पोचले नसते. पर माजा हात गेला. तंगी, त्याच्यापुढं हात धर. मी हात धरला, आन् गेट थांबलं. चिमीपासनं वीतभर.

आन् आता मी तितंच. हात काढला की गेट चालणार. हात काढल्याबिगर पोरीपतूर जाता येत न्हाई. मी ह्यांना हाका मारते, तर गच्चीत टाकीत पाणी पडतंय, त्यांना ऐकू जात न्हाई. मी चिमीला म्हणते, "ये बाळा, आईकडं ये, ये माजी बया," तर तिला वाटतंय खेळ हाय, ती हसतीया आन् खडा दाखवतीया. किती वेळ गेला मला सांगता याचा न्हाई. मग दुसऱ्या हाताला चादर लागली, ओली. ती मी त्या डोळ्यावर टाकली, खांबाला गुंडाळली, आन् पळाले. चिमीला घिऊन मी रस्त्यावरच बसले. तिला कवळून बसले आन् मग मला त्या दोन गाठी कळल्या. बसल्यावर एवढं. हुबं एवढं. डोळा कुटं लावायचा त्याचं माप हुतं ते. माज्याच पोरीचं.

सुपरवायझरला सांगितलं, डोळा खाली घ्या. तो म्हणला, "पोरीला सांभाळायचं सोडून गेटाला नावं ठिवती."

मग मी तासगावला गेले. पत्ता मोटारवाल्यानं दिला. चिमीला ह्यांच्यापाशी ठिवलं आन् येष्टीत बसले. सगळ्या वाटंनं मनात घोळत हुतं, म्हणायचं, काका, माजं चुकलं. आन् खरं सांगते, त्याच्याखाली आजून येक हुतं, की ती सुतळी तेवढी माघारी घ्यायची. भ्या असं सुटत न्हाई लगेच.

बेदाण्याच्या शेडच्या मागं गल्ली, त्यात त्येंचं घर. एवढी दारं केल्याला माणूस, मला वाटलं काय तरी असंल. तर साधं लाकडाचं दार, आन् आतनं साखळी. मी कडी वाजीवली. दार दोन बोटं उघडलं. फटीतनं येक डोळा. माज्या पायापासनं डोक्यापतूर त्यांनी बघितलं, मग माज्या मागं कोण हाय का बघितलं. साखळी काढली न्हाई. माणसाला भाईर ठेवायला दार असतंय, ते बरोबरच हुतं त्येंचं. आता भाईरची मी हुते.

"काका," म्हणलं, "डोळा वरच बसीवलाय. चिमी..."

दार मिटलं. मला वाटलं झालं, गेलं आत. मग परत दोन बोटं उघडलं आन् फटीतनं लोखंडाची पट्टी भाईर आली. हातभर, दोन भोकं पाडल्याली, गेटाचा डोळा खाली बसवायची. तिला सुतळी गुंडाळल्याली, दोन गाठींची, आन् येक भोक बरोबर बसल्यावरच्या गाठीच्या जरा खाली. पट्टीला गंज चढल्याला. म्हंजे तवाच केल्याली, गेल्या गेल्या. कोण न्यायला आलं न्हवतं, म्हणून पडून राहिल्याली.

मी पट्टी घेतली. आता म्हणायचं, माजं चुकलं, म्हणून तोंड उघडलं. तर त्यांनी विचारलं, "पोर कुटाय?"

"ह्यांच्यापाशी."

"त्यांची रातपाळी असती ना? झोपले असतील." फटीतला डोळा माज्यावरनं हलला न्हाई. "मग आत्ता गेटवर कोण हाय, तंगी?"

मी पळाले. चुकलं म्हणायचं तितंच राहिलं, येष्टीच्या दारात लोंबकळत आले मी सांगलीला. चिमी खोलीत हुती, कडी घालून हे झोपल्यालं, तीबी झोपल्याली.

त्याच दिवशी उजेड हाय तवर ह्यांनी डोळा खाली घेतला. सुपरवायझरनं सकाळी विचारलं, कुणी केलं, तर मी म्हणलं, मी. आजपतूर तो डोळा तितंच हाय.

काकांना मी परत बघितलं न्हाई. मागं एकदा तासगावास्नं येक बाई आल्याली, ती म्हणली, ते घर बंद असतंय, लेकीकडं गेलं म्हणं, कुटं ते ठावं न्हाई. काय काय मला आजून उलगडत न्हाई. माज्याबद्दल वहीत काय लिवलं हुतं, ते बी.

चिमी आता साळंत जाती, हुबं राहिल्यावरची गाठ तिच्या कमरंला येती. परवा दुसऱ्या मजल्यावर येक नवीन जोडपं आलं, जतकडचं. त्येंचं पोरगं रांगतंय. बाई लय लहान, माज्यागतच, कपाळाला हात लावत काचंच्या दाराकडं बघत हुती. तिचं पोरगं रांगत रांगत गेटाच्या रुळाकडं निघालं. मी खोलीत गेले, सुतळी आणली, त्याच्या पाठीला लावली आन् तिसरी गाठ मारली.

तिनं पळत येऊन पोरगं उचललं. माज्याकडं असं बघितलं, मला ते बघणं पाठ हाय.

मी तिचा हात धरला. ती सोडवून घ्यायला लागली, तरी धरला, आन् वढत खांबापाशी नेला. "आदी हितं हात धर," म्हणलं, "मग मी काय केलं ते सांगते."